अंदाजे दोनशे

गणिताच्या घोरपडे मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढून मधोमध विहिरीचा ठिपका दिला. विहिरीपाशी दाट, लांब जावं तशी विरळ होणाऱ्या वस्तीचं सूत्र लिहिलं. गावात माणसं किती?

"विहिरीभोवतीचं एकेक कडं धरून संकलन करा," त्यांनी दरवर्षीसारखंच बजावलं. "नाहीतर एकाच वाटेवरची माणसं मोजाल, बाकीची राहतील."

"दोनशे तेरा आलं, मॅडम," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "काय आडनिडा आकडा! अंदाजे दोनशे लिहिलं तर चालेल?"

वर्ग हसला. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शिकत असताना त्या एकदा परीक्षेसाठी शहरात आल्या होत्या, तेव्हा दरड कोसळून त्यांचं अख्खं गाव गाडलं गेलं होतं. मृतांच्या यादीत दोनशे तेरा नावं होती.

"नाही चालणार, बाळ," त्या म्हणाल्या. "तू सोडलेल्या तेरा माणसांत माझी आई असली तर?"