गाळाचा रकाना

"धरणाचा आजचा आकडा?" नव्या धरणाच्या सुनावणीत साहेबांनी माईकवरून विचारलं.

"तिसरा हिस्सा भरलंय," पट्टीभाऊ उभा राहून म्हणाला. एकतीस वर्षं त्याचं हेच काम. रोज सकाळी धरणाच्या भिंतीवरची मोजपट्टी वाचायची, त्या उंचीला किती पाणी ते तक्त्यात बघायचं, साठा वहीत लिहायचा. आकडा जिभेवरच असायचा. नेहमीसारखा सांगितला आणि तो खाली बसला.

बसल्यावर कळलं, काय सांगून बसलो ते. तिसऱ्या रांगेतून ताई त्याच्याकडेच बघत होती.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "एवढं पाणी असूनही शहरात पाचव्या दिवशी नळ येतो. म्हणजे शहराची तहानच वाढलीय. वरच्या अंगाला नवीन धरण हवंच."

वरच्या अंगाला ताईचं गाव होतं.

सकाळपासून हीच रस्सीखेच चालली होती. शहरवाले रिकाम्या बादल्या दाखवत होते, गाववाले घरांची कागदपत्रं. खरं दोघांचंही होतं, आणि बोलून बोलून दोघंही दमले होते.

"काय पट्टीभाऊ," मागून कुणीतरी टोमणा मारला, "बहिणीचं घर बुडायला निघालंय, आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून?"

ताई मागे वळली. "त्याच्या नोकरीचे चारच महिने राहिलेत हो. राहू द्या त्याला."

तेवढ्यानं पट्टीभाऊ उठला.

"साहेब, तो आकडा सगळा पाण्याचा नाही. खाली गाळ आहे. तक्ता धरण बांधलं तेव्हाचा. आता दोरीला वजन बांधून सोडलं, तर चार हातांवर चिखलात रुततं. गाळ काढा, हेच धरण पुरेल."

"हे कधीपासून ठाऊक आहे?"

"बारा वर्षं."

"मग लिहिलं का नाही?"

"वहीत गाळाचा रकाना नाही, साहेब."

सभागृहात हसू फुटलं. तो हसला नाही. "चूक माझीच. लिहून घ्या."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागवायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. "गाळ काढायला दहा वर्षं जातील. टाकणार कुठे? आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे वहीत आहे तेवढंही पाणी धरणात नाही. मग नवीन धरण आणखीच लवकर हवं." ते लेखनिकाकडे वळले. "यांच्या नावानं नोंदवा."

शहरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात ताई चपला घालत होती. पट्टीभाऊ जवळ जाऊन उभा राहिला. मान काही वर होईना.

"ताई, मी..."

"खरं बोललास ना? मग पुरे." तिनं पिशवी खांद्याला लावली. "चल, मला गाडीवर सोड. दिवेलागणीच्या आत पोचायला हवं. घर आहे तोवर अंधारात कशाला ठेवायचं?"