दोन कागद

“दादा, तू येऊच नकोस. ताप आलाय म्हणून कळव,” ओर्सोला म्हणाली.

तादेओ झग्याच्या गुंड्या लावत होता. एक चुकली. “मी नाही आलो तर परीक्षाच होणार नाही. अटच तशी आहे. मग तुझं पुस्तक?”

“राहील.”

“आणि तू?”

ओर्सोलाने त्याची चुकलेली गुंडी काढून नीट लावली. तिने ग्रीक काव्याचा लॅटिन अनुवाद केला होता, तो व्हेनिसच्या छापखान्यात अडकून पडला होता. बाईमाणसाला एवढं येईल कुठून, असं विद्वानांचं म्हणणं. भाऊ विद्यापीठात ग्रीक शिकवतो, तोच लिहून देत असणार! आज ती खोटी ठरली, तर काकांनी जोगिणींच्या मठाचं दार तिच्यासाठी उघडून ठेवलंच होतं.

सभागृहाच्या पायरीवर एका विद्यार्थ्याने तादेओला गाठलं. “गुरुजी, कालच्या चौथ्या ओळीत एक शंका होती.”

“उद्या सांगतो.”

“गुरुजींचा उद्या उगवतो मात्र, बरं का!” दुसरा म्हणाला आणि सगळे खिदळले. खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी तादेओ घरून असं चोख उत्तर आणायचा की म्हातारे विद्वानही माना डोलवायचे.

आत परीक्षक बोनिफाचो हात चोळत उभे होते. “बहीण पडद्याआड, तुम्ही शेजारच्या खोलीत. उतारा दोघांना एकच. वाळूचं घड्याळ रिकामं झालं की दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवू. हात एकाचाच असेल, तर लपायचा नाही.”

“ती फार हुशार आहे, महाराज.”

“असणारच! बहीण कुणाची?”

बाहेरून कुलूप लागलं. वाळू झरू लागली. तादेओने उतारा समोर ओढला. त्याने लेखणी शाईत बुडवली. ती वाळली, पुन्हा बुडवली. भिंतीपलीकडे ओर्सोलाची लेखणी न थांबता करकरत होती. वडील दोघांना एकाच मेजावर शिकवायचे, तेव्हाही तो ही करकर अशीच ऐकत बसायचा.

शेवटचे कण उरले, तेव्हा त्याने घाईने काहीतरी लिहिलं.

कुलूप निघालं. बोनिफाचोंच्या हातात ओर्सोलाचा कागद होता आणि चेहऱ्यावर विजय. “एक चूक नाही! पण वळण ओळखलं मी. तुमच्या व्याख्यानांतलंच, शब्द न् शब्द तुमच्या धाटणीचा! पढवलेला पोपट आहे ही. आणा तुमचा कागद, इथेच निकाल लावू.”

त्यांच्या मागे ओर्सोला उभी होती. पांढरीफटक. ती मान हलवत होती, नको, दादा, नको.

तादेओने कागद पुढे केला.

त्यावर लॅटिनचं एक अक्षर नव्हतं. घरच्या बोलीत दोनच शब्द होते, ‘उद्या सांगतो.’