आठवा ओढा

"आज म्हसोबाच्या वढ्याला जा," गौराबाईनं सांगितलं आणि खोटं बोलल्याबद्दल पदराआडून गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

शिवलिंगनं ओढ्याचं नाव वहीत टिपलं. तो हैदराबादच्या खनिज खात्याचा माणूस, चाळिशीचा, एकटाच फिरणारा. फसली १३५१च्या, म्हणजे इंग्रजी १९४२च्या उन्हाळ्यात जिंतूरकडच्या या डोंगराळ गावात आला, मठात उतरला. पहिल्या दिवशी गौराबाईच्या दारात पाणी मागितलं आणि उंबऱ्यापुढची रांगोळी बघून ते प्यायचंच विसरला. चिमूटभर रांगोळी तेजाबात भिजवून त्यानं तारेवर घेतली, दिव्याच्या ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली.

"अव्वा, ही रांगोळी कशाची?"

तिनं खलबत्त्याजवळचा पांढरा खडा पुढं केला. दिसायला गारगोटीसारखा, पण हाताला गारगोटीहून जड. असे स्फटिक काळ्या पाषाणाच्या पोकळीत धरतात, ज्योत हिरवी करणारं बेरियम यात आहे, निजामाच्या अख्ख्या मुलखात असा खडा अजून कुणाला सापडला नाही, असं काय काय तो सांगत सुटला. गौराबाईला एवढंच कळलं, की हे नवल आपण बारा वर्षं कुटून दारात टाकलं. शहाणीच म्हणायची!

"जागा दाखवा. काम झालं की लगेच निघतो."

ते "लगेच निघतो" तिच्या काळजात रुतलं. नवरा केव्हाच गेला होता. लेक गंगाखेडला दिलेली, वर्षाकाठी एकदा यायची. सकाळी काढलेली रांगोळी दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाच्या पायानं विसकटत नसे. तिनं एका ओढ्याचं नाव ठोकून दिलं. संध्याकाळी तो रिकाम्या हातानं आला, पण जेवायला बसला, चार गोष्टी बोलला. मग रोज नवा ओढा आणि रोज दोन भाकरी जास्त.

आज आठवा दिवस. तो परतला तो लंगडत. टाचेचे फोड बघून गौराबाईला रडू आवरेना.

"सायेब, म्या लय खोटं बोलले. खडे वढ्यात न्हाईतच. आमच्या मागल्या दारच्या हिरीत हायत. तुमी जाताल म्हनून..."

शिवलिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला.

"दुसऱ्याच दिवशी पाणी शेंदताना दिसले मला, अव्वा. हैदराबादला धाडलेतही," तो म्हणाला. "उद्या कोणता ओढा?"