मनगटावरची शाई

रुग्णालयाच्या स्क्रीनवर त्याने आईच्या माहितीचं पान उघडलं. काल त्यानेच माहिती भरायचा नवा चौकोन जोडून ‘पेनिसिलिन चालत नाही’ लिहिलं होतं. आज चौकोन जागेवर होता, आत मात्र अक्षर नव्हतं. हा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलेला. नंतर जोडलेल्या चौकोनातलं सेव्ह होत नाही, असं सहकारी मुलीने महिन्यापूर्वीच बजावलं होतं. “किरकोळ आहे गं, बघू पुढे,” म्हणून त्याने उडवून लावलं होतं. धावतच तो खाटेशी गेला. “पेनिसिलिन दिलंत?” “छे!” नर्सबाईंनी आईचं मनगट वळवलं. बॉलपेनने लिहिलं होतं, ‘पेनिसिलिन नको’. “स्क्रीनचा काय भरवसा? मी विचारून हातावरच लिहिते.” “दोनदा हात धुतला, तरी गेलं नाही बघ,” आई कौतुकाने म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. प्रोग्रॅम सदतीस रुग्णालयांत चालू होता. अशी नर्सबाई एकच होती.