सूत्रधाराचं उत्तर

नर्सबाईंच्या पत्राला आजोबांनी उत्तर दिलंच नव्हतं. 'ड्रॅगनांच्या कादंबरीतल्या राणीला कुणी मारलं, हा उलगडा माझा. तुम्हीच तो सगळ्यांत आधी वाचलात. चोरला कुणी, एवढंच कळवा; बाकीचं मी बघते.' आजोबांना भांडणं झेपत नसत. महिन्याभरात बाई वारल्या, आणि कॅप्टन तोच उलगडा आपला म्हणून त्या कादंबरीच्या चाहत्यांच्या मंडळात मिरवत राहिला.

रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर मंडळ जमलं. खेळ नेहमीचा. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याला फितुराची चिठ्ठी आली असेल त्यानं डोळे उघडून बळीकडे बोट दाखवायचं. आजोबा सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारे; त्यांना कुणी मारायचं नाही.

"फितुरा, बळी दाखव."

दंतवैद्याचं बोट सगळ्यांवरून फिरून आजोबांवर थांबलं. डोळे त्यानं उघडलेच नव्हते.

"सूत्रधार धरायचा नाही हं," आजोबा पुटपुटले.

"घाबरलात की काय, आजोबा?" कॅप्टन मिटल्या डोळ्यांनी हसला. "तुम्हाला कोण मारतंय?"

मग दंतवैद्याच्या शेजारणीचं बोट आजोबांकडे उठलं. मग बाकीच्यांची. कॅप्टनचंही उठलं, आणि त्याचं हसणं मध्येच थांबलं. आजोबांनी हाका मारल्या, पण कुणी ओ देईना.

आजोबा धडपडत जिना उतरले. टपालपेटीपाशी, कित्येक दिवस खिशात बाळगलेल्या कोऱ्या कार्डावर त्यांनी बाईंचा पत्ता घातला आणि लिहिलं, 'चोर कॅप्टन. आता तुमचं तुम्ही बघा.'

माडीच्या मोठ्या खिडकीतून सगळी बोटं अजून त्यांच्यावरच रोखलेली होती.

कार्ड पेटीत पडलं, तशी ती एकेक करून कॅप्टनकडे वळली. शेवटी त्याचं स्वतःचं.