एका गावची कासवं

सांगलीजवळच्या कासव-केंद्रात जन्मलेली कासवांची ती नर-मादी जोडी तिथं काम करणाऱ्या प्राचीनं मोठ्या मायेनं निवडली होती. रक्त तपासून झालं, कवचं ठणठणीत निघाली. वंशावळ शोधता शोधता कळलं, की दोघांचेही आजे-पणजे वडूजकडच्या एकाच माळावरचे. नातं मात्र कुठंच नाही. यांची पिल्लं त्याच माळावर सोडायची, म्हणून ती गावाची परवानगी मागायला गेली.

सरपंच हरणाबाईंनी सगळं ऐकून कानांवर हात ठेवले. "आवं म्याडम, एका गावची म्हंजी भन-भाऊ झाली की! आमच्यात न्हाई चालत."

"मावशी, रक्ताचं नातं नाही. रिपोर्ट आहे माझ्याकडं."

"रिपोर्टाला गावकी कळती व्हय? आदी येगळं ठेवा त्यास्नी, मग परवानगीचं बोला."

प्राचीनं केंद्रात परतून दोघांच्या मध्ये फळी उभी केली. तरी पुढं मादीच्या बाजूला अंडी सापडलीच; फळीच्या आधीच दोघांचं जुळलं होतं. लिंबाएवढी पिल्लं बाहेर आली. गावानं नाकारलं, तर यांचा जन्म पिंजऱ्यातच जायचा. शेवटी धीर करून ती पिल्लांची पाटी घेऊन हरणाबाईंच्या दारात उभी राहिली.

हरणाबाईंनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याच्या इवल्याशा पायांकडं बघत राहिल्या, मग पदरानं त्याची पाठ पुसली.

 

"सोडा माळावर. नातवंडांवर कुनी राग धरतंय व्हय? इचारलंच कुनी, तर सांगू, आईबापानं पळून जाऊन लगीन केलं."