सहा नंबरची नाडी

"आणखी एक चूक झाली तर वॉर्डचं ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून," असं ट्यूटर मॅडमनी मला बजावलं होतं, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून काम करत होते. सहा नंबरच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा मला दाट संशय होता. एरवी नाडी नव्वदच्या आत, पण मॅडम वॉर्डच्या दारात दिसल्या की थेट एकशे अठरा! पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. चादर बदलायच्या निमित्ताने मी उशीखाली सिगारेट शोधली, काकूंनाही आडून आडून विचारलं. काकांच्या मात्र चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे, "मला काही झालं नाही गं पोरी, तूच जरा बस."

आज मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी काकांचं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हटलं, "मॅडम, हे काहीतरी लपवताहेत. बघा, आत्ताही एकशे वीस!"

मॅडमनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"अंगठ्याने नाडी मोजू नये, त्यात आपलीच नाडी लागते. हे एकशे वीस तुझे आहेत."